चिनी वैद्यकातील मधुमेह आणि अर्धांगवायू : जुने विचार, आजचा पुरावा आणि घरात घ्यायची काळजी



आपल्या मंडळातल्या बहुतेक घरांत आज मधुमेहाची एखादी तरी गोळी सकाळच्या चहाच्या आधी घेतली जाते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. याच पाहणीत गोव्यातले प्रमाण देशात सर्वाधिक, म्हणजे २६.४ टक्के आढळले. मधुमेह असणाऱ्याला अर्धांगवायूचा झटका येण्याचा धोका इतरांच्या तुलनेत सुमारे दुप्पट असतो. त्यामुळे या दोन रोगांचा विचार वेगवेगळा करून चालत नाही.

गेल्या काही वर्षांत या दोन्ही रोगांवर चिनी उपाय सांगणारे संदेश, चहा, गोळ्या आणि चूर्णे आपल्यापर्यंत पोहोचू लागली आहेत. कुणी सिंगापूरहून येताना डबी आणतो, कुणाला मोबाईलवर सुईचा उपाय येतो. चिनी वैद्यक हे दोन हजार वर्षांचे शास्त्र आहे, त्याला थट्टेवारी नेण्याचे कारण नाही. पण जुने आहे म्हणून डोळे मिटून घ्यावे असेही नाही. आम्ही वैद्यकीय व्यवसायातले नाही, हिशेबाच्या व्यवसायातले आहोत. म्हणून या लेखात आम्ही फक्त जमा आणि नावे अशा दोन बाजू मांडल्या आहेत. औषधाचा निर्णय सभासदांनी आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

चिनी वैद्यकाची थोडक्यात ओळख

चिनी वैद्यकाचा पायाभूत ग्रंथ म्हणजे 'ह्वांगदी नेइजिंग', म्हणजेच पीत सम्राटाचा वैद्यकग्रंथ. इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या एक-दोन शतकांत त्याचे संकलन झाले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. सम्राट प्रश्न विचारतो आणि त्याचे वैद्य उत्तरे देतात, अशी त्याची रचना आहे. आपल्याकडच्या संहितांमधील गुरुशिष्य संवादाची आठवण यावी अशीच ही पद्धत.

या वैद्यकात 'ची' म्हणजे शरीरात फिरणारी प्राणशक्ती, 'यिन' म्हणजे शीतल, ओलसर, पोषण करणारा भाग आणि 'यांग' म्हणजे उष्ण, चालना देणारा भाग. यांचा समतोल म्हणजे आरोग्य. यकृत, प्लीहा, मूत्रपिंड ही नावे त्यांच्याकडेही आहेत, पण त्यांचा अर्थ आजच्या शरीरशास्त्राप्रमाणे घ्यायचा नाही. उदाहरणार्थ, त्यांची 'प्लीहा' म्हणजे अन्न पचवून त्याचे सत्त्व शरीरभर पोहोचवणारी यंत्रणा. चिनी वैद्य जीभ पाहतो, दोन्ही मनगटांची नाडी तीन-तीन ठिकाणी तपासतो, तहान, भूक, झोप, घाम, मलमूत्र यांची चौकशी करतो आणि मग रोग्याचा 'प्रकार' ठरवतो. एकाच रोगाच्या दोन रोग्यांना दोन वेगळी औषधे मिळतात. आयुर्वेदाच्या प्रकृतिपरीक्षेची ज्यांना सवय आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

मधुमेह : 'श्याओके' म्हणजे झिजवणारी तहान

चिनी भाषेत मधुमेहाशी मिळत्याजुळत्या जुन्या रोगाचे नाव 'श्याओके' आहे. 'श्याओ' म्हणजे झिजणे, विरघळणे आणि 'के' म्हणजे तहान. रोगी पाणी पितच राहतो, खातच राहतो, तरी अंग झिजत जाते, हे निरीक्षण त्या नावातच आले आहे. आपल्याकडे 'मधुमेह' हे नाव लघवीच्या गोडीवरून पडले, चिन्यांनी तहानेवरून नाव दिले, इतकाच फरक. लघवीच्या गोडीची नोंद चीनमध्येही झाली. इसवी सन ७५२ च्या 'वाइताई मियाओ' या संकलनात वांग ताओ यांनी आधीच्या एका वैद्याचा हवाला देऊन श्याओकेच्या रोग्याची लघवी गोड असते असे नोंदवले आहे. आपल्या चरक-सुश्रुतांच्या संहितांमध्ये ही गोष्ट त्याही आधी आलेली आहे.

पुढच्या काळात श्याओकेचे तीन भाग मानले गेले.

१. वरचा श्याओ : फुप्फुसाशी जोडलेला. मुख्य लक्षण न भागणारी तहान आणि तोंडाला कोरड.
२. मधला श्याओ : जठराशी जोडलेला. मुख्य लक्षण सारखी भूक आणि तरीही वजन घटणे.
३. खालचा श्याओ : मूत्रपिंडाशी जोडलेला. मुख्य लक्षण वारंवार आणि गढूळ लघवी, कंबर-गुडघ्यांत अशक्तपणा.

आजचे डॉक्टर मधुमेहाची जी तीन ठळक लक्षणे सांगतात, म्हणजे जास्त तहान, जास्त भूक, जास्त लघवी, तीच ही तीन. बाराव्या शतकातील ल्यू वानसू या वैद्याने या तीन प्रकारांवर स्वतंत्र लेखन केले.

रोगाचे मूळ कारण म्हणून चिनी वैद्यक मुख्यतः यिनची तूट आणि तिच्यामुळे वाढलेली कोरडी उष्णता सांगते. भांड्यातले पाणी आटले की तळ करपतो, तसे. रोग जुना झाला की 'ची'सुद्धा कमी पडते, मग यांगही खचते आणि रक्ताचा प्रवाह मंदावून साकळतो. हा शेवटचा टप्पा पुढे अर्धांगवायूच्या विचारात महत्त्वाचा ठरतो.

औषधांपैकी सर्वांत जुने नाव म्हणजे 'शेनची वान', मूत्रपिंडाची शक्ती वाढवणारी गोळी. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकातील झांग झोंगजिंग यांच्या ग्रंथात ती आहे. तिच्यात आठ द्रव्ये असतात. त्यांपैकी 'शानयाओ' हा कंद आपल्या इंदूरच्या सराफ्यात थंडीत तळून मिळणाऱ्या गराडूच्याच कुळातला आहे. अर्थात तेलात तळून वर मसाला भुरभुरलेल्या गराडूला कुणी औषध समजू नये. याच गोळीत बचनागाच्या जातीचे एक मूळही शोधन करून घातलेले असते. बचनाग हे विष आहे आणि त्याचे शोधन नीट झाले नाही तर हृदयावर परिणाम होतो, हे आपल्या वैद्यांनाही चांगले ठाऊक आहे.

पथ्याबद्दल जुन्या चिनी वैद्यांचे म्हणणे

आम्हाला या विषयात सर्वांत मोलाचा वाटलेला भाग औषधांचा नसून पथ्याचा आहे.

नेइजिंगमध्ये श्याओकेचे कारण सांगताना वैद्य थेट ताटाकडे बोट दाखवतो. गोड आणि स्निग्ध अन्न वारंवार खाणाऱ्यांना हा रोग होतो, असा त्या उताऱ्याचा आशय आहे. तुपाने आत उष्णता वाढते, गोडाने पोट भरून राहते आणि त्याचे पुढे झिजवणाऱ्या तहानेत रूपांतर होते, अशी ती मांडणी आहे.

इसवी सन ६१० मध्ये चाओ युआनफांग यांनी रोगांची कारणे सांगणारा मोठा ग्रंथ तयार केला. त्यात श्याओकेच्या रोग्याने जेवणाआधी किमान १२० पावले आणि जमल्यास हजार पावले चालावे असे सांगितले आहे. चौदाशे वर्षांपूर्वी पावले मोजून सांगितलेली ही आज्ञा. आज आपली मुले मनगटावरचे घड्याळ पाहून तेच करतात. सुश्रुतसंहितेतही प्रमेहाच्या रोग्याला भरपूर चालण्याचा आणि अंगमेहनतीचा सल्ला आहे, हे येथे आठवावे.

सातव्या शतकातील सुन सिम्याओ यांनी तीन गोष्टी वर्ज्य सांगितल्या : मद्य, अतिविषयसेवन, आणि खारट पदार्थ व पिठाचे जिन्नस. ही पथ्ये पाळल्याशिवाय कितीही उत्तम औषध दिले तरी उपयोग नाही असा त्यांचा रोख होता. त्यांनी आणखी एक बारीक गोष्ट पाहिली होती. रोग शंभर दिवसांपेक्षा जुना झाला की त्या रोग्याला सुया टोचू नयेत किंवा डागण्या देऊ नयेत, कारण ती जखम भरत नाही, वाहत राहते आणि जिवावर बेतते. मधुमेही माणसाच्या पायाची साधी फोडसुद्धा का सांभाळावी लागते हे ज्यांनी घरात पाहिले आहे, त्यांना या निरीक्षणाची खोली कळेल. गरम पाण्याची पिशवी, शेक, कपिंगचे पेले आणि वनौषधी जाळून शेक देण्याची 'मोक्सा' पद्धत मधुमेहींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करून घेऊ नये, असे आम्ही यावरून आवर्जून सांगतो. पायाची संवेदना कमी झालेली असेल तर भाजल्याचे कळतही नाही.

अर्धांगवायू : 'झोंगफेंग' म्हणजे वाऱ्याचा घाव

आपल्या 'अर्धांगवायू' या शब्दात वायू आहे. चिनी भाषेतही या रोगाचे नाव 'झोंगफेंग', म्हणजे वाऱ्याचा घाव बसणे, असेच आहे. झाड उभे असावे आणि एका झोतात आडवे व्हावे, तसा हा रोग माणसाला पाडतो. दोन्ही संस्कृतींना वाऱ्याचीच उपमा सुचली, यात आश्चर्य नाही.

हा वारा कुठला, याबद्दल चिनी वैद्यांमध्ये शतकानुशतके वाद झाला. आरंभीच्या काळात तो बाहेरून अंगात शिरतो असे मानत. झांग झोंगजिंग यांनी घाव किती खोल गेला त्यावरून पायऱ्या केल्या. वरवरचा असेल तर बधिरपणा, त्याहून खोल असेल तर अंग जड होऊन उचलता न येणे, त्याहून खोल असेल तर माणूस न ओळखणे आणि सर्वांत खोल असेल तर वाचा जाऊन तोंडातून लाळ गळणे. आजच्या भाषेत ही तीव्रतेची वर्गवारीच आहे.

बाराव्या ते चौदाव्या शतकांत मत बदलले. वारा बाहेरचा नाही, शरीराच्या आतच निर्माण होतो, असा विचार पुढे आला. ल्यू वानसू यांनी दोष अंतर्गत उष्णतेला दिला, ली दोंगयुआन यांनी 'ची'च्या अशक्ततेला आणि झू दानशी यांनी कफाला. पुढे यकृताचा यांग अनावर होऊन डोक्याकडे उसळतो, ही कल्पना रूढ झाली. चिडचिड, लाल चेहरा, डोके ठणकणे, चक्कर, कानात आवाज ही त्याची लक्षणे सांगितली जातात. रक्तदाब मोजायचे यंत्र नसलेल्या काळातले हे वर्णन वाढलेल्या रक्तदाबाशी बरेच जुळते.

१८३० मध्ये वांग चिंगरेन यांचा एक वेगळाच ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांनी स्मशानात आणि वधस्थानी जाऊन प्रेते पाहिली होती आणि जुन्या ग्रंथांतील शरीररचनेच्या चुका दाखवण्याचे धाडस केले होते. अर्धांगवायूत शरीराची शक्ती निम्म्यावर येते आणि रक्त पुढे ढकलले जात नाही, असे त्यांचे मत. 'ह्वांगची' या मुळाचे मोठे प्रमाण आणि रक्त हलते करणारी थोडी द्रव्ये असा त्यांनी दिलेला काढा चीनमध्ये आजही झटक्यानंतरच्या अशक्तपणासाठी वापरला जातो. झटका येण्यापूर्वी महिनो न् महिने दिसणाऱ्या बारीकसारीक सूचक लक्षणांची यादीही त्यांनी दिली आहे.

दोन्ही रोगांचा एकत्र विचार

नेइजिंगच्या एका उताऱ्यात झिजवणारा रोग, एकाएकी कोसळणे आणि अर्धे अंग लुळे पडणे यांचा एकाच दमात उल्लेख येतो आणि धष्टपुष्ट, सुखवस्तू लोकांमध्ये हे सगळे भरपेट तुपकट खाण्याचे फळ आहे असे सांगितले आहे. मधुमेह आणि अर्धांगवायू ही एकाच वेलीची फळे असू शकतात, हे दोन हजार वर्षांपूर्वी कुणाच्या तरी लक्षात आले होते.

आजचे वैद्यक याचे कारण रक्तवाहिन्यांत दाखवते. वाढलेली साखर वर्षानुवर्षे रक्तवाहिन्यांचे अस्तर खराब करते. त्यात रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलची भर पडली की मेंदूच्या वाहिन्या अरुंद होतात, गुठळी अडकते आणि त्या भागाचा रक्तपुरवठा बंद होतो. झटक्यांपैकी बहुसंख्य याच प्रकारचे असतात. बाकीचे वाहिनी फुटून रक्तस्राव झाल्यामुळे होतात. दोन्हींची लक्षणे बाहेरून सारखीच दिसतात आणि उपचार मात्र परस्परविरुद्ध असतात. सीटी स्कॅन केल्याशिवाय हा फरक कळत नाही, नाडीवरून नाही आणि जिभेवरूनही नाही. ही एक गोष्ट सभासदांनी पक्की लक्षात ठेवावी.

आजचा पुरावा काय सांगतो

जुनी पद्धत आजच्या चाचणीत किती टिकते, हे खुद्द चीनमध्येच तपासले जात आहे. काही महत्त्वाच्या नोंदी अशा.

बर्बेरिन. 'ह्वांगल्यान' या कडू मुळातील हे पिवळे द्रव्य आपल्या दारुहळदीतही असते. चीनमध्ये ते जुलाबावर दिले जाते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चिनी चाचणीत नव्याने मधुमेह झालेल्या ३६ जणांना तीन महिने बर्बेरिन किंवा मेटफॉर्मिन दिले गेले आणि साखर उतरण्याचे प्रमाण दोन्हींत सारखे आढळले. परिणाम आशादायक आहे, पण ३६ माणसे आणि तीन महिने म्हणजे मेटफॉर्मिनच्या अनेक दशकांच्या अनुभवापुढे फारच लहान नोंद. शिवाय बर्बेरिनमुळे इतर काही औषधांचे रक्तातील प्रमाण वाढते.

श्याओके गोळ्या. चीनमध्ये मधुमेहासाठी सर्रास विकल्या जाणाऱ्या या गोळ्यांत वनस्पतींबरोबर ग्लिबेनक्लामाइड हे आधुनिक औषध असते, दर दहा गोळ्यांत २.५ मिलिग्रॅम. चीनमध्ये हे अधिकृतपणे जाहीर आहे. पण 'हर्बल' समजून कुणी त्या आपल्या नेहमीच्या ग्लिमेपिराइडच्या जोडीला घेतल्या तर एकाच जातीची दोन औषधे पोटात जातात आणि साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते.

झटक्यानंतरची औषधे. चिनी द्रव्यांपासून केलेल्या एका प्रसिद्ध कॅप्सूलची आशियातील अनेक देशांत सुमारे अकराशे रोग्यांवर चाचणी झाली. २०१३ मध्ये निष्कर्ष आला तेव्हा तीन महिन्यांनंतर खऱ्या आणि खोट्या कॅप्सूलमध्ये लक्षणीय फरक नव्हता. मेंदूतील रक्तस्रावावर पारंपरिक काढ्याची सोळाशेहून अधिक रोग्यांवर चीनमध्ये चाचणी झाली. २०२४ मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि त्यातही फायदा दिसला नाही. ही चाचणी चिनी संशोधकांनीच केली आणि विरुद्ध गेलेला निकाल प्रसिद्ध केला, याचे आम्हाला विशेष वाटते.

ॲक्युपंक्चर. झटक्यानंतरच्या पुनर्वसनात याचा वापर चीनमध्ये सार्वत्रिक आहे. आजवरच्या चाचण्यांचा दर्जा असमान असल्यामुळे ठाम निष्कर्ष निघालेला नाही. फिजिओथेरपी चालू ठेवून, डॉक्टरांना सांगून, निर्जंतुक सुया वापरणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीकडून ते करून घेणे वेगळे आणि फिजिओथेरपी सोडून त्याच्यामागे लागणे वेगळे. पहिल्या काही महिन्यांतला व्यायाम बुडाला तर तो नंतर भरून निघणे कठीण जाते.

ॲक्युपंक्चर भारतात येण्याशी एका मराठी नावाचाही दुरून संबंध आहे. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. ते आधुनिक वैद्यकाचे शल्यविशारद होते आणि १९४२ मध्ये चीनमध्येच त्यांचे निधन झाले. त्याच पथकातील डॉ. बिजय कुमार बसू यांनी पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस चीनमध्ये ॲक्युपंक्चर शिकून कोलकात्यात त्याची सुरुवात केली.

जागतिक मान्यतेबद्दल एक खुलासा. जागतिक आरोग्य संघटनेची रोगांची अकरावी वर्गवारी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्या २६ व्या प्रकरणात पारंपरिक वैद्यकातील रोगांची नावे आली आहेत. जाहिरातींत याचा अर्थ 'औषधाला मान्यता' असा लावला जातो. प्रत्यक्षात ती फक्त नोंदणीची सोय आहे आणि उपचार गुणकारी असल्याचे ते प्रमाणपत्र नाही, असे संघटनेनेच स्पष्ट केले आहे. खात्याला क्रमांक मिळाला म्हणजे खात्यात शिल्लक आहेच असे होत नाही, हे बँकेत नोकरी केलेल्यांना सांगायला नको.

नावे बाजू : धोके

१. भेसळ. २००८ मध्ये सिंगापूरमध्ये पौरुषवर्धक म्हणून बेकायदा विकल्या गेलेल्या गोळ्यांत ग्लिबेनक्लामाइड मोठ्या प्रमाणात मिसळलेले निघाले. शंभराहून अधिक लोकांची साखर अतिशय खाली गेली, त्यातले चार दगावले आणि काही जण बेशुद्धावस्थेतून बाहेर आले नाहीत.

२. वनस्पतींची अदलाबदल. १९९० च्या दशकाच्या आरंभी बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या औषधात एका चिनी मुळाऐवजी नावाने जवळची दुसरी वनस्पती पडली. तिच्यातील ॲरिस्टोलोकिक आम्लामुळे शंभराहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. मधुमेहात मूत्रपिंड आधीच ताणाखाली असते.

३. रक्त पातळ करणाऱ्या औषधांशी विरोध. 'दानशेन' आणि 'दांगग्वेई' ही रक्त हलते करणारी मुळे वॉरफरिनचा परिणाम वाढवतात. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असलेल्यांनीही त्यांच्यापासून दूर राहावे.

४. ज्येष्ठमध. चिनी काढ्यांत जवळजवळ सर्वत्र असतो आणि आपल्या घरीही असतो. जास्त दिवस, जास्त प्रमाणात घेतला तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम कमी होते.

५. जड धातू. झटक्यासाठी घरात ठेवायची म्हणून प्रसिद्ध असलेल्या 'आनगोंग न्यूह्वांग वान' या गोळीच्या मूळ पाठात हिंगूळ आणि मनशीळ, म्हणजे पारा आणि सोमल यांची संयुगे आहेत. शिवाय झटका आलेल्या माणसाची गिळण्याची क्रिया बिघडलेली असते. त्याच्या तोंडात गोळी, पाणी किंवा मध घातला तर तो श्वासनलिकेत जाऊ शकतो.

दहा बोटे टोचण्याचा संदेश

'झटका आला तर माणसाला हलवू नका, सुई तापवून दहाही बोटांची टोके टोचा, रक्ताचा थेंब आला की रोगी शुद्धीवर येईल', असा एका चिनी प्राध्यापकाच्या नावाचा संदेश अनेक वर्षे फिरतो आहे. बोटांच्या टोकांवरची ती स्थाने चिनी ग्रंथांत आहेत हे खरे. मूर्च्छा, उष्माघात, तीव्र ताप यांसाठी ती सांगितली आहेत. पण त्यामुळे मेंदूतील गुठळी विरघळत नाही आणि फुटलेली वाहिनी बंद होत नाही.

खरा धोका टोचण्यापेक्षा 'हलवू नका' या दोन शब्दांत आहे. गुठळीमुळे आलेल्या झटक्यात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि जितके लवकर तितके चांगले. मोठ्या गुठळीच्या झटक्यात दर मिनिटाला सरासरी सुमारे १९ लाख मेंदूपेशी मरतात असा एक प्रसिद्ध हिशेब आहे. दहा बोटे टोचून रक्ताची वाट पाहण्यात गेलेली वीस मिनिटे कुठलाही वैद्य परत देऊ शकत नाही. हा संदेश आल्यास पुढे पाठवू नये, आणि ज्याने पाठवला त्याला हा लेख दाखवावा.

डाचिंगचा धडा

चीनकडून घेण्यासारखी सर्वांत खात्रीची गोष्ट काढ्यात नाही, डाचिंग या तेलनगरीतील एका दीर्घ अभ्यासात आहे. १९८६ मध्ये तिथे सुमारे १ लाख १० हजार प्रौढांची तपासणी झाली. त्यातून मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे ५७७ लोक निवडले गेले. काहींना आहाराचा, काहींना व्यायामाचा, काहींना दोन्हींचा कार्यक्रम सहा वर्षे दिला गेला आणि एक गट तुलनेसाठी ठेवला. पुढे तीस वर्षे या सगळ्यांचा पाठपुरावा झाला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल असा : कार्यक्रम घेतलेल्यांना मधुमेह सरासरी जवळजवळ चार वर्षे उशिरा झाला, हृदय व रक्तवाहिन्यांच्या घटना २६ टक्क्यांनी कमी झाल्या, झटक्याचे प्रमाणही सुमारे एक चतुर्थांशाने उतरले आणि आयुष्य सरासरी सुमारे दीड वर्षाने वाढले.

सहा वर्षांच्या पथ्याचे व्याज तीस वर्षे मिळत राहिले. चाओ युआनफांग यांची हजार पावले आणि नेइजिंगमधले गोड-तुपकटाबद्दलचे बोल यांना मिळालेला हा आधुनिक दाखलाच म्हणायचा.

घरात लावून ठेवण्याजोगी यादी

रोजच्यासाठी :

- रक्तदाब घरी नियमित मोजावा आणि वहीत लिहावा. झटक्याचे सर्वांत मोठे कारण वाढलेला रक्तदाब आहे.
- दर तीन ते सहा महिन्यांनी तीन महिन्यांच्या साखरेची, म्हणजे एचबीए१सी तपासणी. आपले लक्ष्य किती, हे डॉक्टरांना विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहावे. वृद्धांचे लक्ष्य तरुणांपेक्षा वेगळे असू शकते.
- रोज रात्री तळपाय पाहावेत. वाकता येत नसेल तर आरसा वापरावा किंवा घरातल्या कुणाला पाहायला सांगावे.
- सकाळचे पोहे खावेत, पण शेव कमी आणि सोबतची जलेबी सणावारापुरती. पापड-लोणच्यातले मीठ विसरू नये.
- जेवणाआधी किंवा नंतर चालणे. ज्येष्ठांनी तोल सांभाळण्यासाठी ताई ची शिकण्यास हरकत नाही. त्याने पडण्याचे प्रमाण कमी होते असा पुरावा आहे.
- तंबाखू पूर्ण बंद.
- कोणतीही जडीबुटी, चहा, चूर्ण, चिनी असो वा देशी, चालू असेल तर तिची डबी डॉक्टरांना दाखवावी. लपवू नये. शस्त्रक्रियेआधी तर अवश्य सांगावी.
- डॉक्टरांची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये.

झटक्याच्या वेळी :

- चेहरा : हसायला सांगा. एक बाजू ओघळते का?
- हात : दोन्ही हात वर करायला सांगा. एक खाली येतो का?
- बोलणे : एक साधे वाक्य म्हणायला सांगा. शब्द अडखळतात का?
- वेळ : लक्षण प्रथम कधी दिसले किंवा रोगी शेवटचा व्यवस्थित कधी होता, ते घड्याळ पाहून लिहा.

यातले एक जरी लक्षण असेल तर ताबडतोब १०८ वर फोन करावा आणि सीटी स्कॅनची सोय चोवीस तास असलेल्या रुग्णालयात न्यावे. मधुमेही माणसाची साखर फार खाली गेली तरी असेच चित्र दिसू शकते, म्हणून यंत्र हाताशी असेल तर साखर पाहून आकडा डॉक्टरांना सांगावा, पण त्यासाठी निघायला उशीर करू नये. तोंडातून काहीही देऊ नये. ॲस्पिरिनही नको, कारण झटका रक्तस्रावाचा असू शकतो. लक्षणे दहा मिनिटांत आपोआप गेली तरी रुग्णालयात जावे, कारण तो मोठ्या झटक्याचा पूर्वइशारा असतो.

आपल्या भागातले असे रुग्णालय कोणते, तिथे रात्री सीटी स्कॅन होतो का, घरापासून किती वेळ लागतो, ही चौकशी आज, सगळे ठीक असताना करून ठेवावी. तो पत्ता आणि फोन नंबर टेलिफोनजवळ किंवा फ्रीजच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावावा. ज्यांची मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशी आहेत आणि घरी दोघेच असतात, अशा सभासदांनी शेजाऱ्यांनाही तो देऊन ठेवावा आणि घराची एक किल्ली विश्वासाच्या माणसाकडे ठेवावी.